हसताना अधिक दिसतो

अर्जाचा सातवा रकाना विचारतो : घटना कुठे घडली.
इदवालच्या अंगणात, मी लिहिते,
मग खोडते. अंगण कसलं,
पाटीच्या दगडाच्या चार फरशा, कोळशाची पेटी,
आणि आमच्या-त्याच्या मध्ये कमरेएवढी भिंत,
जिच्यावरून एकोणीस वर्षं
कांदे, चाव्या, थर्मामीटर, कोण गेलं त्याची बातमी
इकडून तिकडे होत आली.

आठवा : प्राण्याचं नाव. मॉट.
नववा : यापूर्वी कुणाला इजा केली होती काय.
एकदा. पोस्टमनच्या पिशवीला.
मॉट बारा वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू.
नेस्ता सहाची, त्याच्या कानात गुपित सांगायला
आंधळ्या बाजूने वाकलेली.
त्याला रकाना नाही.

दुसऱ्याच दिवशी इदवाल आला,
विम्याचे कागद पावाच्या पिशवीत गुंडाळून.
"एकतीस वर्षं हप्ते भरलेत, हेलेद.
छप्पर उडालं नाही, पाईप फुटला नाही.
आता घे.
त्यांच्याकडून घ्यायचंय, माझ्याकडून नाही."
खाणीच्या धुळीने छाती भरलेला माणूस,
वाक्याच्या अध्येमध्ये थांबून श्वास गोळा करतो.
मी त्याला आत ये म्हटलं नाही.
हे मी कुठेच लिहिलेलं नाही.

ऑगस्टात बँगरला फोटो.
गालाशी पट्टी धरली, शिंपी धरतो तशी.
"आता हस."
नेस्ता हसेना. मग फोटोवाल्याने
स्वतःचे कान हलवून दाखवले,
ती खुदकन हसली
आणि त्याने नेमकं तेवढंच टिपलं.
अहवालात ओळ आली :
डावा गाल, साडेतीन सेंटिमीटर, फिकट,
हसताना अधिक दिसतो.

वकीलबाई म्हणाली, हे वाक्य आपल्या फायद्याचं.
भली होती, चहा करून द्यायची.
तिने भावांचं पुस्तक उघडलं :
कपाळाचा दर वेगळा, हनुवटीचा वेगळा.
मला खाटकाच्या दुकानातलं चित्र आठवलं,
रेघा मारलेलं मेंढरू
शांतपणे एका बाजूला बघणारं.
मी म्हटलं, मान्य.

काएर्नारफनला न्यायाधीश
टेबलाला वळसा घालून नेस्ताजवळ येऊन बसले.
रक्कम कोर्टात राहील, अठराची होईपर्यंत, व्याजासकट.
चेहरा वाढेल तसा व्रणही ताणत जाईल,
हे डॉक्टरांनी आधीच लिहिलेलं.
म्हणजे दोन्ही वाढणार,
एक कुलपात, एक उघड्यावर.
"तुला काही विचारायचंय, बाळा?"
ती विचार करत राहिली. मग,
"मॉटला किती मिळाले?"

वकीलबाईने पेनाचं टोपण शोधलं.
मी खिडकीकडे पाहिलं, किल्ल्यावर समुद्रपक्षी होते.
आम्ही तिला सांगितलेलं :
मॉट बालाच्या पलीकडे एका मेंढपाळाकडे राहतो.
खरं म्हणजे त्याच आठवड्यात इदवाल त्याला
मांडीवर घेऊन बसने गेला होता,
आणि येताना नुसता पट्टा
कोटाच्या खिशात.

जखम भरली. अर्ज भरला.
इदवालचा हप्ता वाढला, तोही त्याने भरला,
पोस्टातल्या मुलीने सांगितलं.
आता नेस्ता हसते तेव्हा
मी आधी गाल बघते, मग हसू.
ही सवय कधी जाईल, कुणास ठाऊक.

परवा सकाळी भिंतीवर तीन कांदे होते,
माती झटकलेले, पात बांधलेली.
अजून तिथेच आहेत.
भिजले, वाळले, पुन्हा भिजले.
मी भांडी घासताना रोज त्यांच्याकडे बघते.