टोल फ्री

भाची म्हणाली, मामा, रेसिंगची सायकल घ्यायची आहे.
मी विचारलं, कंपनी किती वर्षांची?
ती हसली. "सायकल पाहून रायली मी, मामा,
सोयरीक नाई."

सोयरीकच आहे, म्हटलं.
मी जिनिंगमधला फिटर. छत्तीस हंगाम
यंत्रांच्या पोटात हात घातलेत.
आमच्या शेडमधली चार नंबरची रेची
ज्या कारखान्यात घडली, तिथे आता मंगल कार्यालय आहे.
तिचं काही तुटलं की मी दिग्रसच्या लेथवर जातो,
खिशात तुटका तुकडा,
ओळख पटवायला नेतात तसा.

तर रात्री जेवणं झाल्यावर
प्रणोती मोबाइल धरते, मी चष्मा.
एक काळी, कार्बनची. दोन बोटांवर उचलते म्हणे.
फ्रेमला आयुष्यभराची वॉरंटी.
कोणाच्या आयुष्याची, ते खाली बारीक अक्षरात:
पहिल्या मालकाच्या.
कंपनीच्या आयुष्याबद्दल कुठे काही नाही.
कंपनी तीन वर्षांची. प्रणोती सोळाची.
पडल्यास लागू नाही.
स्पर्धेत वापरल्यास लागू नाही.
"मंग काय हिच्यावर दळण आणू?" ती म्हणाली,
पण बोट त्या फोटोवरून हलेना.

दुसरी निम्म्या किमतीत मिळत होती.
मला आठवलं, सूतगिरणी बंद व्हायच्या महिनाभर आधी
गेटवर सतरंज्या अशाच स्वस्त झाल्या होत्या.
आम्ही चार घेतल्या. अजून आहेत.
गिरणी नाही.

यवतमाळला दुकानात गेलो.
'अधिकृत विक्रेता' खालचं नाव नवं,
रंगाखालून जुनं दिसत होतं. त्याखालून आणखी एक.
गावंडे म्हणाले, कंपनीचं सोडा, मी आहे ना.
मी म्हटलं, आणि तुमच्यामागे?
त्यांना लागलं असावं. तरी चहा मागवला.

मग मी हँगर दाखवा म्हटलं.
मागचा गिअर ज्या पत्र्याच्या जिभेवर लटकतो ती,
पडल्यावर सगळ्यात आधी तीच मोडते.
काळीचा? मागवावा लागेल. दीड महिना धरा.
कोपऱ्यातल्या राखाडीचा?
गावंडेंनी खण ओढला. आत अकरा.
पाकिटांवर धूळ.
इतकी आश्वासक धूळ मी कधी पाहिली नव्हती.

राखाडी ॲल्युमिनियमची. कंपनी जुनी,
दूधवाल्यांच्या सायकली बनवते अजून.
प्रणोतीने ती उचलली. ठेवली. परत उचलली.
परतीच्या एसटीत नेर येईपर्यंत गप्प.
मग खिडकीकडे पाहत म्हणाली,
"दोन किलोचा फरक हाय, मामा.
घाटात ते दोन किलो तू ओढशीन का?"

याला माझ्याकडे पार्ट नव्हता.

ओढते तीच. पहाटे पाचला निघते पुसदच्या रस्त्याला,
नऊनंतर डांबर टायरला धरतं म्हणून.
जिल्ह्याच्या शर्यतीत चौथी आली.
तिसऱ्या मुलीची सायकल काळी होती.
आम्ही दोघांनीही पाहिलं, आणि उसाचा रस प्यायलो.

बिल त्या गुळगुळीत कागदावरचं,
एप्रिलमध्येच अक्षरं उडू लागली.
तीन झेरॉक्स काढल्या, शिक्के मारून आणले,
एक पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याखाली.

आणि दर दोन-तीन महिन्यांनी,
दुपारच्या सुट्टीत, गठाणींच्या सावलीला बसून
मी तो टोल फ्री नंबर लावतो.
मराठीसाठी तीन दाबा. दाबतो.
गाणं वाजतं. मग एक मुलगी,
दमलेली, विचारते, आपली काय तक्रार आहे सर?
काही नाही बाई, म्हणतो.
तुम्ही आहात ना?
ती जरा थांबते.
हो सर, आहे.
बरं. ठेवतो मग.