खळं

उभादांड्याच्या बाबली आरोसकरानं
माडावरून उतरता उतरता सांगितलं होतं,
'ह्या मडक्यात दुसरा काय टिकना नाय, बाय.
धुवूचा नाय. नुसता पालथा घालूचा.'
कमरेची कोयती अजून हलत होती त्याच्या.
मी चमचाभर गाळ नळीत घेतला
आणि स्कूटरच्या डिकीत, सोडणांत खोचून,
कॉलेजात आणला.

त्या गाळात निघालं एक यीस्ट, मारेकरी.
शेजारच्या यीस्टच्या भिंतीला आधी नुसतं चिकटायचं,
मग आतल्या पडद्याला छिद्र,
मग पोटॅशियम पाझरत राहतं
तडा गेलेल्या घागरीसारखं,
आवाज न करता.
विष त्याचं स्वतःचंही नाही.
पेशीत पिढ्यान्पिढ्या मुक्काम ठोकलेल्या एका विषाणूचं.
भाडं म्हणून तो विष देतो
आणि उताराही,
त्याच विषाच्या अर्ध्याकच्च्या रूपात.

मला विष हवं होतं, यीस्टशिवाय.
मोजता येईल एवढं, बाटलीत राहील असं.
म्हणून त्याचं अक्षरन् अक्षर
जीवाणूला वाचता येईल अशा लिपीत लिहून मागवलं
(कुरियर कणकवलीत चार दिवस पडून होतं)
आणि कोलायच्या पोटात सोडलं.
कोलाय बिचारा.
खोट्या साखरेची चिमूट टाकली की भुलतो.
रात्रभर विष करत बसला,
ज्याच्याशी त्याचं काही भांडण नाही.
ते विष त्याच्या भिंतीला ओळखतही नाही.
कुणाची सुरी, कुणाच्या हातात,
आणि धार लावायला मी.

सदतीस अंशांवर नुसते गोळे झाले,
घाईत गाळलेल्या शिरवाळ्यांचा लगदा.
दोन तुकडे, मधे गंधकाचे टाके,
आणि टाके भलत्याच ठिकाणी.
युरियात विरघळवलं, पुन्हा घडी घालू पाहिली.
तीन महिने.
वहीत एकच शब्द: नाही. नाही. नाही.

'गार कर गो,' फिलोमिना म्हणाली.
'घाई कसली त्याला?'
आमच्या शेकरला गारवा माहीत नव्हता.
तिच्या भावानं बंदरावरच्या कारखान्यातून बर्फ आणला,
थर्माकोलच्या पेटीला बांगड्याचे खवले तसेच.
अठरा अंश. दोन रात्री.
दुसऱ्या रात्री वीज गेली
आणि आम्ही चंबू हातानं हलवत राहिलो,
आळीपाळीनं, तासतासभर,
फिलोमिना हळूच वाडीच्या गजाली सांगत,
मी आकडे मोजत.

मग तबकडी.
माडीइतकंच आंबट केलेलं आगर,
कारण त्या आंबटपणातच या विषाचा जीव आहे;
घर सुटलं तरी घराची चव सुटत नाही, असं काहीसं.
मेलेल्या पेशी निळ्या पडतात.
सकाळी थेंबाभोवती
एक रिकामं, स्वच्छ वर्तुळ,
आणि त्याच्या काठाला निळी कड.
फिलोमिना काही बोलली नाही. तिनं बर्फाचं पाणी
मोरीत ओतलं आणि पुन्हा येऊन बघितलं.

तबकडी मी उभादांड्याला नेली.
बाबलीनं ती आभाळाकडे धरली, एक डोळा मिटून.
'चंद्राक खळा पडलाहा.'
मी सांगत सुटले: कोकमाच्या आगळात, लोणच्यात
नको ते यीस्ट माजतं, तिथे हे चालेल का बघू,
आणि पेशी मरते तरी कशी, पायरीपायरीनं, तेही.
तो ऐकत होता.
'म्हणजे ह्या आता मडक्याबगर होता?'
'होतं.'

त्यानं माडाच्या शेंड्याकडे बराच वेळ पाहिलं.
मग कालचं मडकं उचललं,
उरलेली माडी मुळात ओतली,
आणि न धुता, नेहमीसारखं,
पालथं घातलं.
मी तबकडी डिकीत ठेवली.
हाताला अजून बांगड्याचा वास होता.