'बरं आहे' वजा करून

फहाहीलच्या या प्रयोगशाळेत खिडक्या उघडत नाहीत.
बाहेर सकाळपासून धूळ, नारिंगी,
रिफायनरीची ज्योत तिच्यात मिणमिणते,
आणि आत, उणे ऐंशीवर,
तीनशे बारा माणसं ठेवली आहेत मी,
प्रत्येकी अर्धा मिलीलिटर.

नावं दुसऱ्या कपाटात. किल्ली डॉक्टर नेवीनकडे.
माझ्याकडे फक्त आकडे;
बर्फावर ठेवून हळूहळू वितळवायचे.
हातमोजे दुहेरी असले तरी
गारठा नखांपर्यंत येतो.

रक्तात गर्दी अल्ब्युमिनची.
निम्म्याहून जास्त तेच.
वाईट नाही बिचारं, पाणी धरून ठेवतं, ओझी वाहतं,
पण त्याचा गलकाच एवढा
की हळू बोलणाऱ्या प्रथिनांचं काही ऐकू येत नाही.
म्हणून आधी ते गाळायचं.
मग उरलेल्याला एन्झाइमची कात्री,
आणि यंत्र एकेक तुकडा तोलून
अख्ख्याचं नाव सांगतं.
जयगडची माझी आत्या सुरमईच्या तुकडीवरून
होडी कुणाची ते सांगायची.
ती थापा मारायची. यंत्र सहसा नाही.

शुक्रवारी घरी फोन.
आई म्हणते, बरं आहे.
मी म्हणते, इकडेही बरं आहे.
पाऊस, गॅस, शेजारच्यांची म्हैस,
आणि पुन्हा, बरं आहे.
फोन ठेवल्यावर वाटतं,
हे सगळं गाळून काढलं
तर तळाशी काय उरेल
कुणास ठाऊक.

दोनशे सात नंबर कुणाचा, मला माहीत नसायला हवं.
पण लेबल मीच चिकटवलं होतं मार्चमध्ये.
शौकत सोलकर, बाणकोटचा, शुऐबा बंदरावर क्रेन चालवतो.
माझं मराठी ऐकून बाही आणखी वर सरकवली त्यानं,
म्हणाला, ताई, सगळं नका काढू,
थोडं क्रेनलाही लागतं.

आज पडद्यावर
जिथं रेघ सपाट हवी होती
तिथं एक बुटका उंचवटा.
ट्रोपोनिन.
हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, रक्तात त्याचं काही काम नाही.
घरातलं भांडं वाहत्या नाल्यात दिसावं, तसं.
भांडं नाल्यात आहे
म्हणजे भिंत कुठंतरी ढासळते आहे.

पुन्हा तपासलं. किट बदलून तपासलं.
एका माणसावरून काही सिद्ध होत नाही,
हे नव्या मुलांना मीच सांगते.
आलेखावर तो एक ठिपका,
रेघेपासून जरा वर भटकलेला.
पण रक्त मार्चचं.
आज जूनची सोळा.
मधले तीन महिने हा माणूस
शिडी चढतोय.

डॉक्टर नेवीननी आकडा पाहिला, चष्मा काढला,
पुसला, पुन्हा पाहिला,
आणि काही न बोलता किल्ली घेऊन उठल्या.
परत आल्या तेव्हा चिठ्ठीवर फोन नंबर होता.
म्हणाल्या, तुझ्या भाषेतला आहे, तू बोल.

मागे यारी घरघरत होती.
बरं आहे ताई, एकदम बरं आहे, तो म्हणाला,
तुमचं कसं?

सोलकर, मी म्हटलं,
ते 'बरं आहे' बाजूला काढा,
आणि उरलं असेल ते सांगा.

बराच वेळ फक्त वारा.
मग: क्रेनला एकशे अठरा पायऱ्या आहेत.
रमजानपासून साठाव्याला थांबतो.
डावा हात जड होतो, जबड्यात काहीतरी येतं.
वाटलं, उपवासाचं असेल.
उपवास संपले.
घरी बोललो नाही. धाकटीचं लग्न आहे.

आजच या, मी म्हटलं. चालत नको, गाडी पाठवतोय.
शिडीवर असाल तर हळू उतरा,
खाली कुणाला तरी उभं करा.

येतो, म्हणाला.
मग आवाज खाली आणून,
बारीक, जवळजवळ न ऐकू येईलसा,

ताई,
आजचा पगार कापतील का?