मुखवट्याचं नाक

एत्तोरे वाल्सेक्की, वय एकाहत्तर,
एरंडवण्यातल्या तालमीच्या हॉलमध्ये
सतरंजीवर मांडी घालायला गेला आणि अडकला.
दोघांनी धरून उठवला.
मी दुभाषी. ताशी साडेतीनशे, चहा वेगळा.

पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, कारकीर्द सांगा.
तो चाळीस मिनिटं बोलला.
मी मराठीत उरकलं:
जन्म बेर्गामोचा. वडील थिएटरच्या खुर्च्या दुरुस्त करायचे.
सव्वीस वर्षं एकाच नोकराची भूमिका.
मग दिग्दर्शन. मग स्वतःची कंपनी. मग कंपनी नाही.

गाळलं ते हे:
सव्वीस वर्षं तोंडावर चामडं.
रात्री टाळ्या, आणि सकाळी पावाच्या दुकानात
त्याला उधारी मिळत नसे.
आई शेवटच्या रांगेत बसायची, घरी येऊन म्हणायची,
तो नोकर झालेला मुलगा बघ, किती गुणी.
कंपनी बुडाली तेव्हा पडदा एका द्राक्षवाल्यानं नेला,
पेट्या झाकायला.

'कापोकोमिको'ला शब्द सुचेना, मी म्हटलं 'मालक'.
मागे भिंतीला टेकलेले नरहरपंत खांबेटे
झटकन सरळ बसले,
जणू थकलेला पगार आत्ता मिळणार होता.

चौथ्या दिवशी मुखवट्याचं नाक उसवलं.
डिसेंबरची कोरडी हवा.
अप्पा बळवंत चौकाच्या अलीकडे, गाइडांच्या गठ्ठ्यांना लागून
सुदाम वाघमारे बसतो.
त्यानं ते उलटंपालटं केलं, आत बोट घातलं,
विचारलं, "ताई, हे कुठल्या पायाचं?"

हे मात्र मी शब्दन् शब्द सांगितलं.
एत्तोरे फुटपाथवर बसला. हसला.
बराच वेळ हसला, मग नुसताच बसून राहिला.
"डाव्या," म्हणाला.
सुदामनं दोऱ्याला मेण लावलं, आरी टोचली.
वीस रुपये. सुटे मीच दिले.

प्रयोगाला तिसरी घंटा झाली,
आणि सातव्या रांगेतूनही मला ती शिवण दिसत होती,
चपलेची, जाड, नाकावर तिरकी.

मध्यंतरात तो वड्यांच्या टेबलाशी आला.
दुसऱ्या अंकात त्याला उशिरा जायचं होतं.
टक्कल, घाम, खांद्यावर पंचा. कुणी वळून बघितलं नाही.
एक बाई म्हणाल्या, "आजोबा, रांग तिकडून आहे."

काय म्हणाल्या, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, छान काम केलंत म्हणाल्या.
"नाही," तो म्हणाला, "रांगेचं काहीतरी होतं,"
आणि मागे जाऊन उभा राहिला,
अकरावा.