तिसऱ्या ओळीतलं शेरडू

वनकुसवड्याच्या पठारावर, धाकलू झोऱ्याच्या दारात
मी माझी कविता वाचली.
अकरा ओळी.
पाटणच्या झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलेल्या,
प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून
एसटीनं, आणि पुढं दीड तास पायी वर आणलेल्या.
त्यांत 'अथांग' होतं, 'निःशब्द' होतं,
निजलेल्या डोंगराच्या उशाला फिरणाऱ्या पवनचक्क्या होत्या,
आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह,
जे मला फार आवडायचं.

धाकलूनं तंबाखू मळत सगळी ऐकली.
चुना पुसला. म्हणाला,
मास्तर, तिसऱ्या वळीत शेरडू लंगडतंय.

ढोल घोंगड्यात गुंडाळून ठेवलेला.
धुक्यानं कातडं उतरलं होतं.
त्याच्या सुनेनं, बायजानं, चुलीतले निखारे अंगणात ओढले
आणि आम्ही ढोल शेकत बसलो,
म्हाताऱ्याचे गुडघे शेकावेत तसा.
मधूनच तो टिचकी मारी, कान लावी,
मान हलवी.
अजून न्हाई.
वर पाती फिरत होती, हूं, हूं, हूं,
तिसरं किंचित उशिरा येणारं,
की मलाच तसं वाटत होतं.

मग टिपरू पडलं.
पहिली थाप माझ्या पहिल्या ओळीवर नव्हतीच,
तिच्याही आधी होती,
कागदावर मी नुसता समास सोडला होता तिथं.
कानावर हात ठेवून त्यानं सूर वर फेकला,
समोरच्या कड्याला लागून तो परत येईस्तोवर थांबला,
आणि तेवढ्या जागेत
माझी दुसरी ओळ बसवून टाकली.

'अथांग' त्यानं तीनदा म्हणून पाहिलं.
बायजाला विचारलं, ह्ये काय खातं गं?
ती पदरात हसली.
'निःशब्द' कुठं गळालं कळलंही नाही.
प्रश्नचिन्ह गाता येईना, तेव्हा नातवानं, येसूनं,
झांज एकदाच वाजवली आणि दाबली नाही,
वाजत राहू दिली.

पण तिसरी ओळ अडली.
डोंगूर निजलाय म्हनू नगा, धाकलू म्हणाला.
गेल्या आखाडात वरली कड सुटली,
सात शेरडं घिऊन गेली.
मी म्हणालो, ती प्रतिमा आहे.
आसंल, तो म्हणाला, पर निजला न्हवता.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
निखाऱ्यावर राख धरली.
मग तो हळूच थाप देऊ लागला, बोटांच्या पेरांनी,
आणि माझ्या तिसऱ्या ओळीच्या जागी
एकेक नाव ठेवू लागला:
चांदी. भोरी. टिकली.
मोडक्या शिंगाची रतन.
कपिली. वाण्याकडून आणलेली गंगू.
सहा नावं, सहा थापा,
आणि सातव्या जागी नुसता ढोल.

सातवं? मी विचारलं.
चार दिसांचं हुतं, बायजा म्हणाली.
नाव ठिवायचं ऱ्हायलं.

पुन्हा म्हटलं त्यांनी, पहिल्यापासून.
आता लंगडत नव्हतं काहीच.
येसूनं मोबाइलवर धरून ठेवलं, रेंज नव्हती,
म्हणाला, खाली आलो की धाडतो.
मला माझे चारच शब्द ओळखू आले,
त्यातले दोन 'आणि'.

उतरताना पायवाटेवर
पाय आपोआप मोजू लागले, सहा,
आणि सातव्याला दगड चुकायचा.
दोनदा घसरलो. पिशवी काट्यात फाटली,
कागद कुठं पडला बघितलं नाही.

खाली शेवटची एसटी दिवे लावून उभी होती.
कंडक्टरनं विचारलं, किती जण?
मी मागं वळून पाहिलं, चढणीकडं,
मग म्हणालो,
एक.