होल्टरची वही

तुम्ही म्हटलं, मॅडम, चोवीस तास यंत्र छातीवर ठेवा
अन् जे जे होते ते वेळ टाकून लिहा.
म्हणून लिहून राहिलो.

सकाळी पावणेसहा. तांडापेठ. भट्टी पेटवली.
बनियनीखाली तारा खाजून राहिल्या.
सात वाजता कांदा काळा होईस्तोवर भाजला.
ठोके सरळ.

दहा चाळीस. मसाल्याले तेल सुटलं
अन् आत पोत्यात मांजर कोंडल्यासारखं झालं.
पोरगा म्हणे, बाबा, मीठ टाकलं का?
थांब बे, म्हटलं, मोजून राहिलो.

माझा बाप मागावर बसे.
भिंतीपलीकडून मले समजे धागा तुटला ते.
खट्, खट्, खट्,
मग काहीच नाही.
त्या काहीच-नाहीत तो श्वास धरून
तुटकं टोक शोधे.
तसंच करून राहिलं काळीज, दहा चाळीसले.

त्या दिवशी रिपोर्ट पाहून मी विचारलं,
एकशे चौऱ्याण्णव, म्हणजे त्यानंच ताल चुकते का?
तुम्ही चष्मा काढला.
इतकं सरळ नाही म्हटलं.
चरबी नळीत बसते, वर्षानुवर्षं, गुपचूप,
रक्त पुरत नाही, मग ताल बिघडू शकते.
पण एखाद्याचं कोलेस्टेरॉल कमी, तरी ठोका वाकडा.
माशाच्या तेलाच्या गोळ्या चांगल्या म्हणून
मूठ मूठ खाल्ल्या, तर त्याच्यानंही बिघडते कोणाचं.

घरी येताना गोळीबार चौकात समजलं मले.
पाजणी!
सुताले खळ कमी पडली तर तुटते,
जास्त झाली तर काडीसारखं ताठ होऊन तुटते.
बाप चिमटीत धरून पाहे, सांगता येत नसे त्याले.
माझ्या चिमटीत तिखट आहे फक्त.

रात्री साडेनऊ. शेवटच्या गिऱ्हाइकाच्या वाटीत
बोटभर तर्री, लाल, हालत नाही.
माझ्या ताटात ज्वारीची भाकर अन् बिनतेलाचं वांगं.
बायको समोर बसली, पोलिसासारखी.

दोन दहा. दोनदा धडपडलं. उठून बसलो.
तिनं पाठीवर हात ठेवला, झोपेतच,
काढला नाही.

आता एक, जे लिहायचं नव्हतं.
तुमच्या आजोबाची घाणी इतवारीत होती ना, वैरागडे मॅडम?
आमचं जवसाचं तेल तिथूनच येई, पितळी बरणीत,
उधारीवर.
बापानं ती फेडली की नाही, मले माहीत नाही.
यंत्रात दिसलं तर सांगजा.