झाडे

आजोबा आले जिनिंगचा बॉयलर बसवायला,
दारव्ह्याला, तीन महिन्यांच्या बोलीवर.
आजी मागाहून उतरली छोट्या गाडीतून,
पेटी एक, आणि ओल्या फडक्यात द्राक्षाची काडी.
काडी पहिल्याच वैशाखात जळाली.
पेटीत अजून आम्ही सरकी ठेवतो.

तलाठ्यानं विचारलं, आडनाव?
झानेल्ला, म्हणाले आजोबा. पुन्हा म्हणाले, हळू.
त्यानं लिहिलं: झाडे.
शाई वाळेस्तोवर आजोबा आदबीनं उभे होते.

उन्हाळ्यात आजी टमाटे चिरून, मीठ लावून
छतावर वाळत घालायची.
असुंता नाव तिचं. गयाबाई मोहोड भिंतीवरून ओरडायच्या,
"कावं अनसूये, तुहे सांडगे लाल काहून?"
"आमच्याकडचे असेच असतेत."
आमच्याकडचे म्हणजे कुठले,
हे कोणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

बहिणीचं पत्र यायचं नाताळाच्या आसपास.
शेवटचं आलं तेव्हा आजीनं चष्मा पुसला,
बराच वेळ धरून बसली,
मग माझ्याकडे सरकवलं:
"तूच वाच वं माय, मले नाही उमजत आता."

मला एकच शब्द लागला,
पाकिटाच्या कोपऱ्यात,
आमच्या पोस्टमननं पेन्सिलीनं लिहिलेला.